वाळत घातलेला तंबू

बेसिंगस्टोकच्या ज्या गल्लीत उदयराव सबनीस राहतात, तिथल्या लोकांना वसंत आल्याचं डॅफोडिलच्या फुलांवरून कळायचं आणि तो आता टिकणार हे उदयरावांच्या मागच्या बागेतल्या दोरीवरून. पाडव्याच्या आसपास वारा पडलेला एखादा कोरडा दिवस गाठून त्या दोरीवर एक हिरवा तंबू चढायचा. शेजारी दोन पँटी, मोजे, टोप्या आणि दोन पाठपिशव्या. मग कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला मास्क आणि चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवून उदयराव बाहेर यायचे. हातात परमेथ्रिनच्या फवाऱ्याची बाटली. हे औषध कपड्यांवर आणि तंबूवर मारायचं, अंगाला लावायचं नाही. त्यावर चढलेली गोचीड मरते, डास-चिलटं दूर राहतात. ओलं असेपर्यंत ते मांजराला मात्र विषासारखं, म्हणून उदयराव आधी शेजारच्या बाईंना फोन करून त्यांचं मांजर घरात घ्यायला सांगायचे. मांजर खिडकीत बसलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाटलीला हात लावायचे नाहीत.

एक बाजू फवारायची, उलटायचं, दुसरी बाजू फवारायची, शिवणींवरून पुन्हा हात फिरवायचा. मग सगळं वाळेपर्यंत खुर्ची टाकून राखण. संध्याकाळी तंबूची घडी पिशवीत आणि पिशवी गॅरेजात. शेजारपाजारची मंडळी समजायची की हे जोडपं म्हणजे पक्के भटके. यंदा कुठे, असं कोणी कुंपणावरून विचारलं की उदयराव म्हणायचे, अजून ठरायचंय.

त्या तंबूत एकदाही कोणी झोपलेलं नव्हतं. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे दरवर्षी घडाभर तेल जळत होतं आणि नाटकाचा पडदा काही उघडत नव्हता.

उदयरावांना दोष देण्याआधी त्यांची नोकरी सांगायला हवी. पुण्याहून आल्यापासून निवृत्त होईपर्यंत ते एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम तपासायचे. प्रोग्राम लिहायचे दुसऱ्यांनी. कुठे काय बिघडू शकेल ते यांनी आधीच हुडकून काढायचं. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करतो तसं त्यांना डोकं बंद करता यायचं नाही. घरातून निघताना टोस्टरचा प्लग, मागचं दार, गॅस, पुन्हा टोस्टरचा प्लग. मुलगी तनिषा शाळेच्या सहलीला निघाली की तिच्या डब्यापेक्षा तिची औषधांची पिशवी मोठी असायची. त्यांची बायको यमुना हसायची आणि म्हणायची, देवाने ह्यांना जग बनवायच्या आधी दाखवायला हवं होतं, निम्म्या गोष्टी यांनी नापास केल्या असत्या.

यमुना प्राथमिक शाळेत शिक्षकांची मदतनीस होती. त्या शाळेतल्या एका बाईंनी तिला सुट्टीतले फोटो दाखवले होते. स्कॉटलंडचं स्काय बेट, तिथलं एक तळं, काचेसारखं थांबलेलं पाणी आणि काठावर एक एवढासा तंबू. घरी येऊन कणीक मळता मळता ती म्हणाली, एकदा असं पाण्याच्या काठी तंबूत निजायचंय मला. बास, एकदा. दागिना नाही, मोठं घर नाही, या बाईने आयुष्यात नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच.

आणि उदयरावांनी ते मनावर घेतलं नाही असं कोणी म्हणू नये. त्याच शनिवारी जाऊन ते तंबू घेऊन आले, चांगल्यातला. पण त्याच सुमारास त्यांच्या ऑफिसमधल्या एकाला न्यू फॉरेस्टच्या जंगलात गोचीड चावली आणि त्याला लाइमचा आजार झाला. अर्धा चेहरा लुळा पडला, कित्येक महिने तो घरी होता. उदयराव त्याला भेटून आले आणि कामाला लागले. गोचीड कुठे असते, कशी चढते, कशाने मरते, सगळं वाचून काढलं. पहिल्या फवारणीपर्यंत उन्हाळा अर्धा सरला. मग कळलं की स्कॉटलंडात ऑगस्टमध्ये मिज नावाच्या बारीक चिलटांचे ढगच्या ढग असतात. पुढच्या वर्षी मेमध्येच जाऊ, ते म्हणाले. पुढच्या मेमध्ये तनिषाची परीक्षा होती. त्यानंतरच्या मेमध्ये पाऊस होता आणि यमुनेला दमट हवेत धाप लागायची. औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून दर पाडव्याला नव्याने फवारणी. त्यांचं प्रेम होतं हो तिच्यावर, फार होतं. ते सगळं त्या बाटलीतून बाहेर पडायचं.

तनिषाचं लग्न होऊन ती स्लाऊला राहायला गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यमुना आठ दिवस इल्फर्डला बहिणीकडे राहायला म्हणून गेली. तिची थोरली बहीण, सुमनताई, इल्फर्डला एकटीच असते. उदयराव रोज संध्याकाळी फोन करायचे. एकदा फोनमध्ये घोंघावणारा वारा ऐकू आला. हा कसला आवाज, त्यांनी विचारलं. सुमनताईने पंखा लावलाय, यमुना म्हणाली.

परत आली ती अंगभर लाल चट्टे घेऊन. मानेवर, मनगटांवर, पाठीवर. उदयरावांनी तिला दिव्याखाली उभं केलं, चष्मा वर करून बघितलं आणि निदान करून टाकलं. ढेकूण. सुमनताईंच्या गादीत ढेकूण झालेत. यमुना हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. त्यांनी तिला पलंगाच्या काठावर बसवलं आणि तिच्या पाठीला गुलाबी कॅलामाइन लावलं, एकेका चट्ट्याला कापसाने, बोलत बोलत. लंडनमधल्या जुन्या घरांत हे असंच, गाद्या उन्हात टाकायला नकोत का. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. थंड लागतंय का, त्यांनी विचारलं. हो, ती म्हणाली.

तिथेच थांबले असते तर ते उदयराव कसले. त्याच संध्याकाळी त्यांनी सुमनताईंना फोन केला आणि शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की तुमच्याकडे ढेकूण झालेत, कौन्सिलला कळवा, माणूस पाठवतात. मग सुमनताई म्हणाल्या, "बरं. बघते हं."

ज्यांचं स्वयंपाकघर पाहून दुसऱ्या बायकांनी आपलं आवरायला घ्यावं, त्या सुमनताई. पुढे मंडळाच्या गणपतीत उदयरावांनी दोघाचौघांना सावध केलं, नाव न घेता, पण इल्फर्डचं मराठी गाव केवढंसं. नाव घ्यायची गरजच नव्हती. सुमनताईंकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका कोट बाहेरच्या खोलीत न ठेवता मांडीवर घेऊन बसायला लागल्या. त्यानंतर यमुना इल्फर्डहून आली की तिची बॅग दारातच थांबायची, बागेत उघडली जायची, फवारली जायची. उदयराव स्वतः तर तिथे मुक्काम करेनासेच झाले. सुमनताईंनी कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वैशाखात यमुना गेली. सकाळी दुधाच्या भांड्याशी उभी होती आणि खाली बसली ती उठलीच नाही. फुप्फुसात रक्ताची गाठ गेली, डॉक्टर म्हणाले, आधी कळण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर आधी कळण्याचंच काम केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. बाहेर दोरीवर तंबू होता. पाडव्याला पाऊस होता म्हणून त्या वर्षीची फवारणी लांबली होती, आदल्याच संध्याकाळी झाली होती आणि तो अजून वाळायचा होता. नंतर कित्येक दिवस तो तसाच पावसात भिजत राहिला. शेवटी तनिषाने काढून घडी केली.

वर्ष असंच गेलं. मार्चमध्ये तनिषा एकदा आली आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, आईचा एकच इच्छा होता. जूनमध्ये जाऊ या आपण, स्कायला. तिच्या टेंटमध्ये. प्लीज."

तिचं मराठी असंच आहे, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पोरीचं, पण त्या दिवशी उदयरावांनी ते दुरुस्त केलं नाही. जाऊ या, ते म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी नवीन बाटल्या मागवल्या. फवाऱ्याचं तोंड गळत होतं, ते परत पाठवलं. मग स्कायच्या हवेचे आकडे बघायला घेतले आणि एप्रिलच्या शेवटी तनिषाला फोन करून म्हणाले की जूनमध्ये यंदा मिज लवकर येणार असं दिसतंय, सप्टेंबर बरा पडेल का. बघू, म्हणून तनिषाने फोन ठेवला.

यमुनेचं वर्षश्राद्ध सुमनताईंनी इल्फर्डला करायचं ठरवलं, कारण गुरुजी तिथून जवळ राहतात. उदयराव आदल्या दिवशी दुपारी तनिषाच्या गाडीतून गेले. एका हातात फुलं आणि काखेत झोपायची पिशवी, कॅम्पिंगची, गेल्याच आठवड्यात फवारलेली. दारात चपला काढता काढता ते म्हणाले, सुमनताई, तुम्हाला त्रास नको, माझं अंथरूण मी आणलंय.

सुमनताईंच्या हाताला पीठ लागलेलं होतं. त्यांनी त्या पिशवीकडे बघितलं. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. यमुनेच्या प्रत्येक बॅगेला तो असायचा.

"उदयराव," त्या म्हणाल्या, "ती पिशवी परत गाडीत ठेवा. माझ्या घरात ढेकूण नाही. आज नाही, त्या वर्षीही नव्हता."

उदयराव गोंधळले. मग यमुनेच्या पाठीवर ते काय होतं, त्यांनी विचारलं.

"मिज," सुमनताई म्हणाल्या. "स्कायची मिज."

मग त्यांनी हात धुतले, दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या आठ दिवसांत यमुना इल्फर्डला जेमतेम दोन रात्री होती. बाकीचे दिवस दोघी बहिणी स्कायला होत्या. कोचमध्ये बसून ग्लासगो, तिथून पुढे आणखी एक बस. साठीला टेकलेल्या दोन बायका, डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी, आणि शेजारच्या स्काउटमध्ये जाणाऱ्या पोराचा उसना तंबू. त्याची एक काठी मोडकी होती, ती यमुनेने केसांच्या पिना आणि रबराने बांधली. एक रात्र पाऊस झाला, तंबू अर्धा बसला. दुसऱ्या संध्याकाळी वारा पडला आणि तळं थांबलं, अगदी त्या फोटोसारखं, आणि वारा पडला म्हणून मिजही आली. सुमनताई तोंडावर ओढणी घेऊन आत पळाल्या. यमुना काठावर बसून राहिली. चावू दे, म्हणाली.

तनिषा रडायला लागली होती. उदयराव ऐकत होते. त्यांनी विचारलं ते एकच, आणि तेही सवयीने आलेलं.

"उसना तंबू कशाला? आमचा गॅरेजमध्ये तयार होता."

"मीही तेच म्हटलं तिला. म्हणाली, तो नुसता तयारच असतो."

"मला सांगायचं तरी. मी कधी नाही म्हटलं होतं?"

हे सांगायचं नाही असं सुमनताईंनी बहिणीला वचन दिलं होतं, आणि ते त्यांनी निभावलंही होतं, ढेकणांची बाई म्हणवून घेऊन. पण ती पिशवी काखेत घेऊन हा माणूस आज दारात उभा राहिला, आणि त्यांचंही शेवटी माणसाचंच काळीज.

"तीच तर अडचण होती, उदयराव. ती म्हणाली, ताई, ह्यांना सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत. हो म्हणतील आणि तयारीला लागतील. नाही म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं."

तनिषाने बापाकडे बघितलं आणि मग नजर खाली घेतली. सप्टेंबरची गोष्ट दोघांनाही आठवली असणार.

सुमनताई उठता उठता म्हणाल्या की अजून एक राहिलं. निघायच्या दिवशी यमुना तंबू गुंडाळताना रडली होती. सगळं छान झालं, ताई, पण ह्यांना ओढून आणायला हवं होतं मी, म्हणाली. हाताला धरून, तशाच कपड्यांत.

त्या दिवशी उदयरावांनी झोपायची पिशवी स्वतः नेऊन गाडीत ठेवली आणि सुमनताईंच्या गादीवर, सुमनताईंच्या चादरीवर झोपले. दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं, पिंड ठेवले. जेवणं झाल्यावर त्यांनी सुमनताईंना वाकून नमस्कार केला. मेव्हणीला असा नमस्कार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनाही संकोच वाटला आणि सुमनताईंनाही. मग तिथेच बसून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. ज्यांना ज्यांना तेव्हा सावध केलं होतं त्या सगळ्यांना सांगितलं की ढेकूण नव्हतेच, चूक माझी होती. यात झालं असं की जे विसरले होते त्यांनाही आठवण झाली. सुमनताई म्हणाल्या, आता पुरे, नाहीतर पुढचा गणपतीही माझ्या गादीवरच पार पडेल. त्या दिवशी घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

आणि तनिषाला ते म्हणाले, परवा निघायचं का?

तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. ऑफिस होतं, बरंच काही होतं. "हो, निघू," ती म्हणाली.

बेसिंगस्टोकच्या गॅरेजात नव्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. तंबूवरचा गेल्या वर्षीचा असर केव्हाच पावसाने धुऊन गेला होता. उदयराव दारात बराच वेळ उभे राहिले. बाटली उचलली, खाली ठेवली. फवारून वाळवायला एक कोरडा दिवस हवा, आणि उद्या पाऊस सांगितला होता. शेवटी त्यांनी नुसती तंबूची पिशवी उचलली आणि दार लावलं. टोस्टरचा प्लग मात्र दोनदा बघितला.

सुमनताई बरोबर आल्या, जागा दाखवायला. तळं त्यांनी म्हटलं होतं तसंच होतं. तंबू उभारायला तिघांना दुपार पुरली नाही, कारण इतकी वर्षं तो फवारला गेला, उलटवला गेला, घडी केला गेला, पण उभा कसा करायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी वारा पडला. पाणी थांबलं. नुकतीच सुरू झालेली मिज आली. तनिषा आणि सुमनताई अंगाला लावायचं औषध चोपडून, जाळीच्या टोप्या घालून आत जाऊन बसल्या आणि त्यांना हाका मारत राहिल्या. उदयराव साध्या सदऱ्यात काठावर बसले होते. डोळ्यांसमोर जे होतं ते सुंदर होतं, आणि ते एकट्याने बघायचं नव्हतं. यमुनेची एवढीशी मागणी आपण इतकी जपली की ती आपल्या हातून तिला मिळालीच नाही, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं. कळून आता काय उपयोग होता? बैल गेला आणि झोपा केला. तरी ते उठले नाहीत.

घरी आले तेव्हा अंगावर ठिकठिकाणी चट्टे उठले होते. तनिषाने परतीच्या वाटेवर त्यांचे पाय, गुडघ्यांच्या मागची बाजू, सगळं गोचिडीसाठी तपासलं होतं, काही नव्हतं. तिला सुट्टी संपवून कामावर जायचं होतं. ती दारातूनच स्लाऊला निघून गेली.

उदयरावांनी कपाटातून कॅलामाइन काढलं आणि पलंगाच्या काठावर बसले. मनगटांना लावलं, मानेला लावलं, कानांमागे लावलं. पाठीच्या मधोमध दोन चट्टे होते आणि खाज सगळ्यात जास्त त्यांचीच होती. हात खांद्यावरून नेला, पोचला नाही. खालून नेला, तिथूनही पोचला नाही. कापूस हातात धरून ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि त्यांना ते हलणारे खांदे आठवले. ती हसत होती की रडत होती? त्यांना तेव्हा वाटलं होतं की औषध थंड लागतंय. सुमनताईंना विचारावं असं मनात आलं, पण त्या तर तेव्हा इल्फर्डला होत्या. त्या खोलीत फक्त ते दोघंच होते.

कापसावरचं गुलाबी औषध वाळून गेलं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि ती कपाटात ठेवली. पाठीचे दोन चट्टे तसेच राहिले.